काळी मारबत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बन्सोड मला ओढून
इतवारीत घेऊन आला.
एक पाय जयपूरचा, तरी माझ्याहून भरभर चालतो.
"पन्नासच्या वर वर्षं झाली बे नंदनवार,
आज देऊन टाक तिले. ते सगळ्यायचं नेते."

ती म्हणजे काळी मारबत.
बांबूची, कागदाची, जीभ बाहेर काढलेली,
गर्दीच्या डोक्यांवरून हलत येत होती
आणि पोरं घसा फाडून ओरडत होती:
खोकला घेऊन जा गे, महागाई घेऊन जा गे,
ढेकणं, मच्छरं, वीजबिल घेऊन जा गे मारबत!

वीजबिल नेते, तर माझं का नाही नेणार.

माझं म्हणजे एक दुपार.
डिसेंबरची, वाळूतली.
इस्पितळाचे तीन तंबू, चौतीस खाटा.
पौनीकर डेगीतली डाळ ढवळत मला म्हणाला,
"हिले सावजीचा मसाला पाह्यजे होता,
हे काय पानी चाल्लं."
हे त्याचं शेवटचं वाक्य.
याहून मोठं बोलायला वेळ मिळाला नाही.

विमान इतकं खाली आलं
की वैमानिकानं मान वळवलेली दिसली मला.
हेल्मेट, काळी काच, वळलेली मान.
मग डाळ वाळूत.
मग चौतीसपैकी अकरा खाटा,
आणि बन्सोडचा पाय, जो मीच बांधला.

त्या मानेवर मी एवढी वर्षं काढली.
एप्रिलमध्ये कूलरला नवं वुडवूल भरून बटण दाबलं
की पंखा आधी घरघरतो,
तेव्हा बायको काही न बोलता
माझ्या आणि खिडकीच्या मध्ये येऊन उभी राहायची.
पोरीच्या लग्नात फटाके लागले नाहीत.
जावई अजून ऐकवतो.

मागच्या महिन्यात कामठीला, पेन्शनच्या मेळाव्यात,
गोड आवाजाची एक बाई सांगत होती,
कडवटपणा सोडा काका, हलकं वाटेल.
पिशवी असती तर
खुर्चीखाली विसरून आलो असतो.

बन्सोडला एक गोष्ट माहीत नाही.
तंबूच्या छपरावर लाल क्रॉस होता,
पांढऱ्या कापडावर शिवलेला, खाटेएवढा.
आदल्या संध्याकाळी हुकूम आला: लांबून दिसतो, झाका.
मी चढलो.
पाणी मोजून मिळायचं तिथे,
पिण्याच्या पाण्यातच माती कालवली
आणि पंजानं सारवत गेलो,
माय अंगण सारवायची तसं, कोपरेसुद्धा सोडले नाहीत.
काम नीट करायची सवय.

मग त्यानं मान वळवून पाहिलं काय?
तंबू पाहिला असेल. नुसता तंबू.
की त्याला आधीपासून ठाऊक होतं, आणि तरीही?
ते त्याचं त्यालाच माहीत.
तोही आता पंचाहत्तरीचा असेल, असला तर,
कुठल्यातरी ओट्यावर गुडघ्याला तेल चोळत.

मारबत अगदी पुढ्यात आली.
बन्सोडनं कोपरानं ढोसलं, "ओरड ना बे!"
मी तोंड उघडलं.
त्याचा राग घेऊन जा गे, म्हणालो असतो
तर खाली चिखल उघडा पडला असता,
ओला, माझ्या बोटांच्या रेघांसकट.
तोंड तसंच उघडं राहिलं.
गुलाल गेला आत.
ती हलत हलत पुढे निघून गेली, जळायला.

"गेला का?" बन्सोडनं विचारलं.
"त्याच्यावरचा गेला थोडा."
"अन् बाकीचा?"

कोपऱ्यावर तर्री-पोह्याची गाडी होती.
मी त्याला बाकड्यावर बसवलं,
त्यानं सवयीनं पाय हातानं उचलून सरळ ठेवला.
तर्रीवर तेल तरंगत होतं, लाल.
दोन घास त्याला खाऊ दिले.
मग म्हणालो,
"छपरावर मी चढलो होतो."